बिबडे, भस्मासुर आणि कमलाबाई

वैशाखात जळगावला कुणाला काही सांगायचं असेल तर सकाळी नवाच्या आत सांगून मोकळं व्हावं. नवानंतर ऊनच बोलायला लागतं. माणसं दारं लावून घेतात.

म्हणून आमची भिंत पहाटे भरते. भिंत म्हणजे आमच्या आणि जिजींच्या घरामधली कंपाउंडची, छातीइतकी उंच. तीस वर्षांत तिच्यावरून काय नाही गेलं! भरताची वांगी गेली, विरजणाची वाटी गेली, कळण्याचं पीठ गेलं, लग्नाच्या पत्रिका गेल्या, आणि पत्रिकांमागोमाग त्या त्या घरातल्या भानगडीही गेल्या. जिजींचं कोपर जिथं टेकतं तिथला गिलावा गुळगुळीत झालाय. माझ्या बाजूचाही.

त्या दिवशी जिजींचे बिबडे होते. ज्वारी तीन दिवस भिजलेली, दळून आणलेली, आणि पहाटे चारला चुलीवर घाटा रटरटायला लागलेला. तीळ-जिऱ्याचा, लसूण-मिरचीचा वास भिंत ओलांडून थेट माझ्या उशीपर्यंत आला. मी तेलाची वाटी घेऊनच खाली उतरले. गरम घाट्यावर कच्चं तेल ओतून दोन घास खाल्ल्याशिवाय बिबड्यांना हात लावायचा नाही, हे आमच्याकडचं शास्त्र.

"रात्री बारापर्यंत दिवा जळू राहिला होता तुह्याकडे," जिजींनी घाट्याचा गोळा ओल्या धडप्यावर आपटला. "कोनाचं दुखतं-खुपतं का?"

"कुणाचं काही नाही जिजी. भाचीनं पुण्याहून एक फिल्म पाठवलीय, ती पाहत बसले."

"कोनाची? त्या शाहरुखची?"

"नव्वदीतल्या म्हातारीची."

थापणारा हात थांबला. जिजींना स्वतःला ऐंशीला दोन कमी. "म्हातारी फिल्मीत काय करते?"

"बोलते."

"बस?"

"बस. पाऊण तास."

"बाप्पा! त्याले फिल्म म्हनत असतील तर मी या भितीवर रोज दोन काढते."

मी म्हटलं, जिजी, तसंच आहे ते. त्याला माहितीपट म्हणतात. नाव 'कमलाबाई'. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकलेल्या रीना मोहन यांनी नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला केला. दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिलाच, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्यात मारामारी नाही. पुण्यातल्या घरात एक म्हातारी बाई आहे. ती आठवणी सांगते, जुन्या नाटकातलं एखादं भाषण म्हणते, आणि कॅमेरा घेऊन आलेल्या पोरापोरींचीच फिरकी घेते.

"कोन पन ही?"

"कमलाबाई गोखले. माहेरच्या कामत. आपल्याकडच्या सिनेमात काम केलेल्या अगदी पहिल्या दोन बायकांपैकी एक."

"आनि दुसरी?"

"तिची आई."

आता जिजींनी हात पदराला पुसले. बातमी मोठी निघाली की त्या हात पुसतात.

मी सांगायला घेतलं. आई दुर्गाबाई कामत. नवरा शिकलेला, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये इतिहास शिकवणारा. पण पटलं नाही, १९०३ च्या सुमाराला दोघं वेगळे झाले. पदरात तीन वर्षांची पोर. त्या काळात नवऱ्याला सोडून निघालेल्या बाईनं पोटासाठी करायचं तरी काय? कुणाकडे धुणंभांडी, नाहीतर ज्याचं नावही भिंतीवरून घ्यायचं नाही ते. दुर्गाबाईंनी तिसराच रस्ता धरला, नाटक कंपनीचा. चांगल्या घरच्या बाईनं नाटकात जायचं म्हणजे समाजानं वाळीत टाकलंच समजा. आई रंगमंचावर गेली, तशी चार वर्षांची कमलाही तिचं बोट धरून गेली.

"शाळा?"

"नाटक कंपनी हीच शाळा."

तेवढ्यात समोरच्या घरातले अण्णा पेपर काखेत मारून भिंतीशी आले. अण्णा भुसावळला रेल्वेत होते. आम्ही बोलत असलो की त्यांना कुठलीतरी दुरुस्ती करायचीच असते.

"वहिनी, पहिल्या बायका म्हणता, मग 'राजा हरिश्चंद्र' चं काय? त्यात तारामती होती की!"

"होती ना. तिला मिशा होत्या."

अण्णांना ठाऊक होतं. त्यांना फक्त ते माझ्या तोंडून नको होतं. मग त्यांनीच जिजींना सगळं सांगितलं. दादासाहेब फाळके आपल्या शेजारचे, त्र्यंबकेश्वरचे. १९१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्या आधी तारामतीसाठी बाई मिळावी म्हणून फाळक्यांनी गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या. ज्या वस्तीत जायला लोक तोंड लपवतात तिथंही विचारून झालं होतं. तिथल्या बायकासुद्धा नको म्हणाल्या. शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारे साळुंके सापडले. हात नाजूक, बांधा शेलाटा. झाली तारामती. हेच साळुंके १९१७ च्या 'लंकादहन' मध्ये रामही झाले आणि सीताही.

जिजींनी क्षणभर हिशेब केला. "मंग रावनानं सीता पळवली तवा राम सोताच सोताले शोधू राहिला का?"

अण्णांकडे याला उत्तर नव्हतं. फाळक्यांकडेही नसावं.

"पुढं ऐका," मी म्हटलं. "'राजा हरिश्चंद्र' च्याच वर्षी फाळक्यांनी नाशकात लगेच दुसरा चित्रपट केला, 'मोहिनी भस्मासुर'. त्यात पार्वती केली दुर्गाबाईंनी, आणि मोहिनी केली कमलाबाईंनी. वय असेल तेराच्या आसपास."

"भस्मासुर म्हंजे तो, ज्याच्या डोक्यावर हात ठेवल तो राख होयाचा तो?"

"तोच. शंकराचा वर घेऊन शंकराच्याच मागं लागला. मग विष्णूनं सुंदर बाईचं रूप घेतलं, नाचता नाचता स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्या येड्यानंही तसाच ठेवला."

"मले माहीत आहे गोष्ट. पुढं?"

"पुढं काही नाही. मी रात्री तेवढ्यावरच अडकून पडले होते. जिकडंतिकडं पुरुष लुगडी नेसून बाया होत होते. आणि पडद्यावर पहिल्यांदा खरीखुरी बाई आली, ती कुणाच्या सोंगात? बाई झालेल्या पुरुषाच्या!"

जिजी इतक्या हसल्या की हातातला बिबडा दुमडला. तो त्यांनी सुनेच्या बाजूला सरकवला; वाकडे निघालेले बिबडे घरात नेहमी सुनेच्या नावावर जमा होतात.

अण्णा मात्र गंभीर. "पण पुरुषांनी केलेली बाई कमी नव्हती हो. बालगंधर्व घ्या. आपल्या जळगावातच लहानपणी काही काळ राहून मेहबूब खाँसाहेबांकडे गाणं शिकलेला माणूस तो." हे सांगताना अण्णांची छाती दोन इंच फुगते, जणू तंबोरा यांनीच लावून दिला होता. पण गोष्ट खरी आहे. जळगावात त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे, दर हिवाळ्यात त्यांच्या नावानं संगीत महोत्सव होतो. एका जमान्यात घरंदाज बायका त्यांच्यासारखं नेसायच्या, त्यांच्यासारखे दागिने घालायच्या.

"म्हंजे बाईनं कसं नेसावं ते बायकांनी गड्याकडे पाहून शिकायचं," जिजी म्हणाल्या. "भलतंच!"

"आणि निष्ठा तर काय!" अण्णांची गाडी थांबेना. "१२ मार्च १९११. 'मानापमान' चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी घरात लेक गेली. तरी माणूस रंगमंचावर उभा राहिला, भामिनीचं काम केलं. प्रेक्षकांचा हिरमोड होऊ दिला नाही."

हे सगळ्यांनीच ऐकलेलं. ऐकलं की आपण मान हलवतो, डोळ्यांत पाणी येतं. त्या दिवशीही मी मान हलवली. जिजींनी नाही हलवली. त्या थापता थापता खालीच बघत म्हणाल्या, "बाईनं केलं असतं तर?"

"म्हणजे?"

"लेक गेली त्या दिशी एखादी बाई तोंडाले रंग लावून उभी राहिली असती, तर लोकं निष्ठा म्हनले असते का काळजाची दगड?"

अण्णांनी पेपर उघडला.

मी म्हटलं, जिजी, कमलाबाईंचं ऐका मग. लग्न झालं रघुनाथराव गोखल्यांशी. ते स्वतः किर्लोस्कर कंपनीत स्त्रीभूमिका करायचे. आवाज फुटला तसे भावाच्या कंपनीत आले, आणि त्या कंपनीत नायिका कोण, तर कमलाबाई. नवरा बाईचं काम सोडून आलेला आणि बायको बाईचं काम करतेय, असं ते घर! पण पंचवीस वर्षांच्या असताना कपाळाचं कुंकू गेलं. दोन पोरं पुढ्यात, तिसरं पोटात. बसून राहिल्या नाहीत. नाटकं केली, सिनेमे केले, पस्तीसेक तरी. शेवटचा 'गहराई', १९८० चा. म्हणजे फाळक्यांच्या हाताखाली सुरू केलेलं काम सदुसष्ट वर्षांनी संपवलं. रेल्वेतही एवढी नोकरी कुणी करत नाही, असं मी अण्णांकडे न बघता म्हटलं.

"पोरांचं काय झालं?" जिजींना शेवट लागतो.

"तिन्ही रांगेला लागली. लालजी आणि सूर्यकांत तबल्यात. आणि तिसरे चंद्रकांत गोखले."

"आपले चंद्रकांत गोखले? जुन्या सिनेमातले?" अण्णा पेपरातून बाहेर आले.

"तेच. आणि त्यांचे चिरंजीव विक्रम गोखले."

"थांब थांब," जिजी म्हणाल्या. "'या सुखांनो या' मधला तो? भारदस्त? बोलता बोलता मधीच थांबायचा आनि आपल्याले वाटायचं की संवाद इसरला, तोच?"

"तोच. 'अनुमती' साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्यांना. २०२२ ला गेले. कमलाबाई त्यांची आजी, दुर्गाबाई पणजी."

"म्हंजे ज्या बाईले वाळीत टाकलं, तिच्या पंतूले टीव्हीवर बघाले आपुन सैपाक लवकर उरकायचो."

यावर भिंतीच्या दोन्ही बाजू जरा वेळ गप्प होत्या. घाटा थंड व्हायला लागला होता. जिजींनी पाण्याचा हात घेऊन नवा गोळा सारखा केला. बोटं मधून बाहेर, मधून बाहेर, कड पातळ आणि मध्य जराही जाड नाही. मी तीस वर्षं बघतेय. मला अजून जमलेलं नाही.

"तो मोहिनीचा सिनेमा दाखव ना मंग," त्या म्हणाल्या. "म्हातारीचा कशाले, तरनी असतानीचा दाखव."

"तो नाहीच. राहिला नाही. तेव्हाच्या फिल्मा कशाच्या, तर नायट्रेटच्या. जरा उष्णता लागली की पेट घ्यायच्या, नाहीतर नुसत्या ठेवून ठेवून कुजायच्या. फाळक्यांचे बरेचसे चित्रपट असेच गेले."

"भस्मासुराचा हात रिळावरच पडला म्हनायचा!"

हे मला सुचायला हवं होतं. रात्री बारापर्यंत जागून सुचलं नाही, आणि जिजींना बिबडा थापताना सुचलं.

भाची फोनवर हेच जरा वेगळ्या शब्दांत सांगत होती. स्वीडनची मोठी नटी इंग्रिड बर्गमन, तिच्यावर २०१५ साली माहितीपट निघाला. तेव्हा करणाऱ्यांच्या हाताशी तिच्या डायऱ्या होत्या, पत्रं होती, तिनं स्वतः हौसेनं घरी चित्रित केलेल्या फिल्मा होत्या. कमलाबाईंच्या पहिल्या कामातलं हाताशी काय होतं? काही नाही. ज्या पोरीनं मोहिनी केली, ती नव्वदीत पोहोचून बोलत होती, तेवढंच. कुणाला वेळीच सुचलं आणि त्यांनी कॅमेरा तिच्यासमोर नेऊन ठेवला, नाहीतर तेही गेलं असतं.

मी धुळ्याची. आमच्याकडे राजवाड्यांचं संशोधन मंडळ आहे. जुने कागद, बाडं, बखरी जपून ठेवल्यात; कुठल्या सरदारानं कुणाला काय लिहिलं ते सापडतं. पण गावात नाटक कंपनी उतरायची, तंबू लागायचा, कंपनीतल्या बायका नळावर पाण्याला यायच्या, त्या काय बोलायच्या, ते कुठल्या रुमालात बांधलंय? मला त्याबद्दल एकच वाक्य माहीत आहे, तेही आजीचं, अहिराणीतलं: "नाटकनी बाई शे ती, तिना घर जावानं नही." ती कोण, कुठली, गायची का नाचायची, काही नाही. आजीनं नाव ठेवलं, पण नाव सांगितलं नाही.

"सगळ्या आज्या तशाच," जिजी म्हणाल्या. पण म्हणताना आवाज जरा पडला होता.

अण्णांना बहुधा वाटलं, वातावरण हलकं करावं. "अहो, मी स्वतः रेल्वेच्या गणपतीत दोनदा नायिका केलीय. सत्तर-एकाहत्तर साल असेल. नऊवारी नेसून. प्रेक्षकांत बसलेले आमचे साहेब फसले होते! त्याच वर्षी आमचं लग्न ठरलं."

जिजींनी हात थांबवला. "सासऱ्याले माहीत होतं?"

"माहीत म्हणजे? समोरच बसले होते. वन्समोअर दिला."

"आनि लगीन मोडलं नाही."

"मोडायचं काय त्यात?" अण्णा हसत हसत म्हणाले, आणि हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की आम्ही दोघी हसत नाही आहोत. त्यांना काहीतरी आठवलं, दुधाचं की कशाचं, आणि ते गेले.

अण्णांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. जिजींना तर होतंच.

वीसेक वर्षांपूर्वी जिजींच्या धाकट्यासाठी धुळ्याकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगी बी. एड., दिसायला नीटस, घर चांगलं, पत्रिका जुळलेली. जिजींनी भिंतीवरूनच मला विचारलं होतं, तुह्या माहेराकडची आहे, जरा चौकशी कर. मी केली. आणि याच भिंतीवर, याच कोपराच्या जागी टेकून सांगितलं, "मुलगी चांगली आहे, पण राज्य नाट्यस्पर्धेत काम करते म्हणे. तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात."

खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त ते "म्हणे" मी जरा लांबवलं होतं.

स्थळ परत गेलं. कारण विचारलं तेव्हा पत्रिकेत काहीतरी काढलं. आम्ही दोघी नंतर कधी त्यावर बोललो नाही. या भिंतीवरून कधीच न गेलेली अशी तेवढी एकच गोष्ट.

"शिरपूरची ती स्मिता पाटील," जिजी एकदम म्हणाल्या, "शिवाजीराव पाटलांची लेक. तिचा तो सिनेमा मी पाहिला होता, 'भूमिका'. एका नाटकसिनेमावाल्या बाईचाच होता ना?"

"हंसा वाडकरांच्या आत्मकथेवरचा. १९७७ चा."

"सारं खानदेश म्हनायचं, आपली पोरगी, आपली पोरगी. मी पन म्हनले. शिरपूरवालीनं कशी नाटकवालीची व्यथा दाखवली म्हनून डोळे पुसले टाकीजमधी." त्यांनी बोटांना चिकटलेला घाटा निरपून काढला. "पडद्यावरची चालली मले. घरात याची होती तीच नाही चालली."

"मीच सांगितलं होतं, जिजी."

"तू सांगतलं. मी ऐकलं. सांगनाऱ्याचं एक तोंड, ऐकनाऱ्याचे दोन कान. माह्यं पाप दुप्पट."

मी काही बोलले नाही. बोलायचं होतं ते वीस वर्षांपूर्वी बोलून बसले होते.

जरा वेळानं त्या म्हणाल्या, "लाव ती म्हातारी."

मी घरात जाऊन फोन आणला. भिंतीवर आडवा उभा राहीना, म्हणून मागं तेलाची वाटी टेकवली. आवाज पूर्ण वाढवला तरी जिजी म्हणाल्या, अजून वाढव. सुनेला हाक मारली, पोळपाट उचलून घे म्हणाल्या, आणि पाटावरून उठून गुडघे धरत भिंतीशी येऊन, आपल्या गुळगुळीत जागेवर कोपर टेकून उभ्या राहिल्या.

त्या छोट्याशा पडद्यात कमलाबाई बोलायला लागल्या. सुरुवातीला जिजी नुसत्या बघत होत्या. मग "हं" म्हणायला लागल्या. मग "मंग?" म्हणायला लागल्या. आणि पाच-सात मिनिटांनी माझ्या लक्षात आलं, माझ्याशी नव्हे, त्या फोनमधल्या बाईशीच बोलत होत्या. तिनं काही सांगितलं की ह्या आपलं एक सांगत. तिनं फिरकी घेतली की ह्या टाळीसाठी हात पुढं करत आणि फोन बघून मागं घेत. मध्येच मी काहीतरी समजावून सांगायला गेले तर मला हातानं गप्प केलं.

"तू थांब जरा," म्हणाल्या. "तिले बोलू दे."

ऊन भिंतीवर चढलं. नऊ वाजून गेले. मागं अंगणात धडप्यावर कावळा उतरला, एक बिबडा चोचीत धरला, इकडंतिकडं पाहिलं, आणि कुणी हाकलत नाही असं बघून दुसराही धरला.